अर्धं पाऊल मागे

उस्तादला घरात कुणी उस्ताद म्हणत नसे. धाकट्या भावासाठी तो दादा होता, भावाच्या बायकोसाठी भाऊजी, आणि दूध संपलं की दोघंही त्यालाच दुकानात पिटाळायचे. क्लबात मात्र तो उस्ताद होता, आणि हे नाव त्याला कुणी सहजासहजी बहाल केलं नव्हतं. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांना लोळवतात, अशा एका गेममध्ये त्याची सगळी तरणी वर्षं गेली होती. त्या गेममध्ये वीजघाव नावाचा फटका होता. तो मारायचा तर डाव्या अंगठ्याने कंट्रोलरवरची स्टिक, म्हणजे छोटी दांडी, आधी मागे ओढून धरायची, मग खालून अर्धगोल फिरवत पुढे न्यायची आणि नेमक्या क्षणी उजव्या हाताने दोन बटणं एकत्र दाबायची. जरा इकडेतिकडे झालं की तुमचा लढवय्या नुसता माशा मारल्यासारखा हात हलवत उभा राही आणि बघणारे खिदळत. भलेभले महिनोन्महिने बोटं झिजवून शेवटी नाद सोडत. उस्तादच्या हातून तोच फटका नाक खाजवावं इतक्या सहज निघायचा.

या सहजपणासाठी त्याने काय काय केलं होतं, ते विचारू नका. कॉलेज अर्ध्यावर सोडलं, ठरत आलेलं एक लग्न हातचं घालवलं आणि डावा अंगठा कायमचा दुखरा करून घेतला. बदल्यात क्लबाची नोकरी मिळाली. क्लब चष्म्यांच्या दुकानांच्या एका मालकाचा होता, त्यामुळे उस्तादच्या जर्सीवर छातीवर भलामोठा चष्मा छापलेला असे. लहान मुलं त्यावरून हसत, पण त्याचं काही बिघडत नव्हतं. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाला खेळायचा पगार मिळतो, ही गोष्ट त्याला अजूनही मनातल्या मनात खरी वाटत नसे.

मग गेम बनवणाऱ्या कंपनीने नवा गेम काढला. लढवय्ये तेच, मैदान तेच, फक्त सगळं सोपं. वीजघाव एका बटणावर. दाबलं की निघाला. जाहिरातीत एक आजी आणि तिची नात सोफ्यावर बसून एकमेकींना वीजघाव मारताना दाखवल्या होत्या. जुना गेम कंपनीने बंद केला नाही, तेवढी माणुसकी दाखवली. सगळ्या स्पर्धा मात्र नव्यावर नेल्या.

उस्ताद पेटला. रोज संध्याकाळी इंटरनेटवर थेट, कॅमेऱ्यासमोर बसून तो नव्या गेमची सालटी काढू लागला. "उद्या म्हणतील, धावायची शर्यत आहे, पण पाय दुखतात ना, घ्या सगळ्यांनी सायकली. ज्याला घाम गाळावा लागत नाही त्याला खेळ म्हणायचं? हा खुळखुळा आहे, खुळखुळा. आणि खुळखुळ्याच्या स्पर्धा भरवायच्या, त्याला ई-स्पोर्ट्स म्हणायचं आणि वर लोकांनी टाळ्या वाजवायच्या." जुने खेळाडू व्हिडिओखाली शाबासकीचा पाऊस पाडत. खरं सांगायचं तर जिंकण्यात त्याला मिळाला नव्हता एवढा आनंद त्या काही आठवड्यांत मिळाला.

मनात मात्र त्याने एक वेगळीच आशा धरून ठेवली होती आणि ती कॅमेऱ्यासमोर कधी बोलला नाही. त्याला वाटे, बोटांचं काम संपलं तर बरंच झालं. आता नुसतं डोकं उरलं. आणि एवढी वर्षं लढून जे डोकं तयार झालंय त्याच्यापुढे ही कालची पोरं कुठे टिकणार?

पोरं टिकत होती. लहानसहान सामन्यांत उस्ताद हरू लागला. कधी इंटरनेटवर खापर फोडायचा, कधी नशिबावर. "एका बटणाचा गेम आहे, त्यात कोण कधी जिंकेल सांगता येतं का?" असं म्हणून तो हात झटकायचा. क्लबाचा मॅनेजर हे सगळं ऐकून घ्यायचा. तो मितभाषी माणूस होता आणि वाईट बातमी सांगताना हातातल्या पेनचं टोपण काढघाल करायचा. एक दिवस त्याने टोपण काढलं, घातलं आणि सांगितलं, "मालक म्हणतात, यंदा एकच खेळाडू ठेवू. निवड स्पर्धा घेऊ, सगळ्यांना खुली. जो जिंकेल तो."

"आणि मी?"

"तुम्हीही खेळा की."

उस्ताद घरी आला तो डोक्यात राख घालूनच. त्याच संध्याकाळी त्याने ती युक्ती काढली, जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. हा गेम किती पोरकट आहे हे जगाला दाखवायचं, आणि त्यासाठी ज्याने आयुष्यात कंट्रोलर धरला नाही असा माणूस लोकांसमोर बसवायचा. असा माणूस घरातच होता. भावाची बायको, जिला सगळे धाकटी म्हणत, दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. ती नुकतीच कामावरून आली होती आणि अंगाला औषधाचा वास येत होता.

"धाकटे, जरा बस इथे. लोकांना दाखवायचंय, हा गेम कुणालाही येतो."

"म्हणजे मी कुणीही का?" असं म्हणत ती बसली. कंट्रोलर तिने उलटा धरला. लोक हसले, उस्ताद हसला, तीही हसली. चहा निवायच्या आत ती वीजघाव मारायला लागली होती. "बघा," उस्ताद कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "माझी इतकी वर्षं, आणि हिचा एक कप चहा."

लोकांना हा तमाशा भलताच आवडला. मग रोज संध्याकाळी धाकटीला बसवणं सुरू झालं. ती मान थोडी पुढे काढून खेळायची, ओठ घट्ट मिटून, आणि हरली की "अगं बाई" एवढंच म्हणायची. पुढे पुढे हे "अगं बाई" कमी ऐकू येऊ लागलं. एका संध्याकाळी तिने उस्तादला हरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवलं. धाकटा भाऊ सोफ्यामागे उभा राहून शेंगदाणे खात होता. तो म्हणाला, "दादा, तू मुद्दाम हरतोयस ना?" उस्ताद म्हणाला, "मग काय तर." त्यानंतर त्याने धाकटीला कॅमेऱ्यासमोर बसवणं बंद केलं, पण तोवर उशीर झाला होता. मॅनेजरने तिला फोन करून निवड स्पर्धेला बोलावलं होतं.

घरात सगळे तो विषय टाळत. जेवताना भाऊ गाड्यांच्या किमतींबद्दल बोलायचा आणि तेवढ्यात दोघांचीही जेवणं उरकायची. एकदाच, भाजी वाढता वाढता, धाकटी म्हणाली, "भाऊजी, रागावू नका, पण धावणं सोपंच असतं की. कुणालाही येतं. तरी शर्यत लावली की एकच पुढे येतो." उस्तादने हातातला घास खाली ठेवला आणि तो ताटावरून उठला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी रविवार होता. दुपारी तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तर धाकटी ओट्याशी उभी राहून ताटल्या पुसत होती.

"उद्या मी येत नाही," ती पाठमोरी राहूनच म्हणाली.

"का?"

"दवाखान्यात गर्दी आहे. डॉक्टर सोडायचे नाहीत."

"रजा तू मागेच घेतलीयस. मी ऐकलंय."

तिने हातातली ताटली बाजूला ठेवली. "भाऊजी, मला काय, मी गंमत म्हणून खेळते. तुमचं तसं नाही."

"तेच नको मला," उस्तादचा आवाज चढला. "तू आली नाहीस म्हणून मी जिंकलो, हे जन्मभर ऐकून घेऊ? यायचं, आणि जीव तोडून खेळायचं." मग त्याने ग्लास ठेवला आणि इतके दिवस मनात असलेलं विचारलंच. "माझा फटका तुला आधीच कळतो. कसा कळतो?"

तिने पुसलेलीच ताटली पुन्हा पुसली. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"माहीत असतं तर विचारलं असतं का?"

"तुम्ही मारायच्या आधी मागे जाता. अर्धं पाऊल. दर वेळी. ते दिसलं की मी उडी मारून वरून येते."

तो हसला. मग खोलीत जाऊन त्याने नव्या गेममधले आपले सामने लावले आणि हसू मावळलं. आपलं घोरणं कुणी रेकॉर्ड करून ऐकवावं तसं झालं. त्याचा लढवय्या अर्धं पाऊल मागे सरकत होता आणि मग वीजघाव मारत होता. पुढच्या सामन्यात तेच, त्याच्या पुढच्या सामन्यातही तेच. जुन्या गेममध्ये स्टिक मागे ओढावीच लागायची. नव्यात गरज नव्हती, पण हे अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्याने इतर जुन्या खेळाडूंचे सामने बघितले. सगळे मागे जात होते. सगळेच जात होते म्हणून कुणाच्याच ते डोळ्यांवर येत नव्हतं. जुना गेम न खेळलेल्या पोरांना त्यामागचं कारण ठाऊक नसेल, पण नुसत्या अंदाजानेच ती उस्तादला पाडत होती.

संध्याकाळपर्यंत तो डावा हात मांडीखाली दाबून नुसतं बटण मारायचा सराव करत राहिला. हात मोकळा सोडला की अंगठा मागे जायचाच. मग अंगठ्याला शिव्या घालायच्या आणि पुन्हा सुरू. दिवे लागायच्या सुमारास अंगठा बऱ्यापैकी जागेवर राहू लागला. त्याला वाटलं, जमलं.

स्पर्धा मालकाच्या मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर डोळे तपासायचे तक्ते तसेच लटकत होते, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि एक निवेदक माईक हातात धरून घसा खाकरत होता. दुपारपर्यंत बाकी सगळे गळाले. व्हायचं तेच झालं. शेवटच्या सामन्याला एका टेबलाशी दीर आणि भावजय बसले. भाऊ पहिल्या रांगेत होता आणि कुणासाठी टाळ्या वाजवाव्यात या विचाराने हात मांडीवर ठेवून बसला होता. तीन डाव होते आणि दोन जिंकणाऱ्याला नोकरी होती.

पहिल्या डावात उस्तादचा अंगठा हलला नाही. ठरवलं तसं झालं, पण मग एक वेगळीच पंचाईत झाली. फटका कधी मारायचा, हेच त्याला कळेना. समोरचा काय करतोय, थकलाय का, घाबरलाय का, हे जुन्या गेममध्ये त्याने कधी बघितलंच नव्हतं. तिथे वीजघाव नुसता निघाला की पुरे असायचं, समोर कुणीही असो. स्टिक मागे ओढली की हाताला आपोआप वेळ कळायची. आज स्टिक ओढली नाही आणि डोकं रिकामं पडलं. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर उड्या मारल्या ते अनुभवी डोकं ऐन वेळी घरीच नव्हतं. तो मैदानात इकडून तिकडे फिरत राहिला आणि धाकटीने त्याला शांतपणे, एकेका फटक्याने, संपवलं.

दुसऱ्या डावात तो घाबरला, आणि घाबरला म्हणून विसरला. अंगठा मागे गेला. धाकटीच्या ते लक्षात आलं, पण ती उडी मारून वरून आली नाही. ती थांबली. भाऊजींना आता माहीत आहे, म्हणजे हे पाऊल खोटं आहे, आपल्याला उडवायला टाकलेलं, असा विचार तिने केला असणार. वीजघाव सरळ तिच्या छातीत बसला आणि डाव उस्तादचा झाला.

"चकवलं! उस्तादने चकवलं!" निवेदक ओरडला. खुर्च्या सरकल्या, लोक उभे राहिले. आपण कुणालाही चकवलेलं नाही, हे फक्त उस्तादला ठाऊक होतं. पण त्याच क्षणी त्याला पहिल्यांदा हा गेम दिसला. मी काय करणार ते तिला कळतं. तिला कळतं हे मला कळतं. आणि मला कळलंय हे धरून ती थांबली. एका बटणाच्या, आजी-नातीच्या या गेममध्ये अर्ध्या पावलात एवढं सगळं मावत होतं. बोटांची अडचण काढून टाकली की दोन माणसं उघडी समोरासमोर बसतात आणि लपायला जागा उरत नाही. ज्याला तो खुळखुळा म्हणाला होता तो खेळ जुन्यापेक्षा मोठा होता. त्याला हे इतकं लख्ख कळलं की हातातला कंट्रोलर जड झाला. हा खेळ आपल्याला येत नाही, हेही त्याबरोबरच कळलं.

तिसऱ्या डावात दोघांचीही ताकद संपत आली. आता एक फटका ज्याचा बसेल त्याचं सगळं. उस्तादने ठरवलं. मागे जायचं, पण मारायचं नाही. ती उडेल, आणि खाली येताना तिला धरायचं. लहान मूलही करील इतकं सोपं. त्याने अंगठा मागे नेला. आणि उजव्या हाताने बटण दाबलं. त्याने नाही दाबलं, हाताने दाबलं. वीजघाव रिकाम्या हवेतून गेला. धाकटी वर होती आणि मग ती खाली आली.

टाळ्या वाजल्या. भावानेही वाजवल्या, आधी हळू, मग जोरात. उस्तादने उठून तिच्याशी हात मिळवला. जाताना त्याने एवढंच विचारलं, "मी खरंच मारणार हे कसं ओळखलंस?"

"मी कुठे ओळखलं?" धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुमचा हात थांबायचा नाही, एवढंच वाटलं."

त्यानंतर उस्ताद काही दिवस घरात बसून होता. तो नव्या गेमवर काही बोलला नाही आणि जुना त्याने लावला नाही. लोक विचारत राहिले, मग विचारेनासे झाले. दूध आणायला तो न सांगता जाऊ लागला. मग मॅनेजरने बोलावलं, आणि उस्तादच्या मनात नाही म्हटलं तरी आशेची पालवी फुटली. त्याने जाताना जर्सी इस्त्री केली.

"मला शिकवायला ठेवताय का?" त्याने बसल्या बसल्या विचारलं.

"शिकवायचं काय? कंपनीने शिकवायचं काही ठेवलंय का?" मॅनेजरने टोपण काढलं. "कंपनीच्या पुढच्या मोठ्या स्पर्धेला जुन्यातले बरेच जण येतायत. सगळ्यांना तुमचीच सवय आहे, मागे जायची. तिला तसा सराव हवा. तुम्ही रोज तिच्यासमोर बसायचं. पगार कमी मिळेल, पण मिळेल."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. आहात तसेच खेळा. काही सुधारू नका."

उस्ताद हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्या हातांना दुसरं काम येत नव्हतं. धाकटीने दवाखाना सोडला नव्हता, रोज तिथून सुटली की ती क्लबात यायची आणि दोघं टेबलाशी बसायचे. तो मागे जायचा, मारायचा, ती उडायची, तो पडायचा. पुन्हा. ती आधी "सॉरी भाऊजी" म्हणायची. नंतर तेही म्हणेनाशी झाली, कारण दर वेळी काय म्हणणार?

पण रोज हरण्यात एक गोष्ट झाली. जिंकायचं नव्हतं, त्यामुळे घाई उरली नाही. पडता पडता तो समोर बघू लागला. धाकटी उडायच्या आधी तिचा लढवय्या किंचित जागेवर थबकतो, हे त्याला दिसलं. रक्त गरम झालं की ती दोन फटके सलग मारते आणि मग दम खाते, तेही दिसलं. एका संध्याकाळी त्याचा अंगठा जागेवर राहिला. त्याने राहायला सांगितलं नव्हतं, आपला आपण राहिला. तो थांबला, ती थबकली, त्याने बटण दाबलं आणि ती पडली. पुढच्या डावात तो मागे गेला आणि मारलं नाही. ती उडाली, तो वाट बघत होता. ती पुन्हा पडली. मग तिसऱ्यांदा. उस्तादच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. विशीत पहिला वीजघाव निघाला होता, त्या दिवशी इतका आनंद झाला होता. त्याने बाजूला बघितलं. धाकटीचेही डोळे चमकत होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "आलं की तुम्हाला."

मॅनेजर मागे उभा होता. त्याने पेनचं टोपण काढलं.

"हे नको," तो म्हणाला. "ते लोक असं खेळत नाहीत. तिचा सराव बिघडेल. तुमचं ते मागे जाणं तसंच राहू द्या, त्यासाठीच तर तुम्ही आहात."

उस्तादने धाकटीकडे बघितलं. तिने कंट्रोलरकडे बघितलं. तिच्या मनात काही बोलायचं आलं असावं, कारण तिने तोंड उघडलं होतं. मग ती हळूच म्हणाली, "स्पर्धा होईपर्यंत, भाऊजी. मग आपण खेळू हवं तसं."

स्पर्धा झाल्यावर आपली इथे गरज राहणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही. नवा डाव सुरू झाला. अंगठा जागेवरच होता, शहाण्या मुलासारखा. उस्तादने तो दाबून मागे नेला. एवढी वर्षं तो आपोआप जायचा, आज न्यावा लागला. मग त्याने फटका मारला आणि धाकटी वरून आली.

"छान," मॅनेजर म्हणाला. "अस्संच."